पावलाएवढी काठी

वेस्ट हॅरो, मॅसॅच्युसेट्स
३ नोव्हेंबर १८५०

टायटस,

रागावून गेलास ते गेलास, पण लोकरीची टोपी इथेच विसरलास. कॅनडात म्हणे आत्तापासूनच कान गळून पडायची वेळ येते. डोक्याला काय गुंडाळतोस? टोपी रेव्हरंड फ्लेचर यांच्याबरोबर पाठवते आहे, आणि त्यांच्याच खिशातून हे पत्र. टपालावर माझा भरवसा राहिलेला नाही. उत्तर लिहिलंस (लिही रे) तर पाकिटावर दुकानातल्या हेप्सीचं नाव घाल, हेप्सिबा क्रेन. मर्सी हे माझं इथलं नाव नको, आणि माझं जुनं नाव तर मनातसुद्धा आणू नकोस.

गाडीत का चढत नाहीस असं तू विचारलंस, मी म्हणाले डीकनसाहेबांच्या दुकानातलं काम अर्धं राहिलंय. त्यावर तू भर फलाटावर ओरडलास, "गुलामांचे जोडे शिवून पोट भरतेस, आता त्या जोड्यांपायी जीवही देणार का?" असं बोलायची ती जागा होती का, शहाण्या? पलीकडे उभ्या असलेल्या एका उंच टोपीवाल्याने मान वळवली. तो कोंबड्यांचा व्यापारी निघाला. पण कायदा झाल्यापासून मला प्रत्येक टोपीवाला आपल्याला धरायला जॉर्जियाहून आलेलाच वाटतो.

कायद्याचा कागद टपाल कचेरीच्या दारावर अजून आहे. दक्षिणेतून पळून आलेल्या माणसाला धरायला जो मदत करणार नाही त्याला तुरुंग. म्हणजे आपला दूधवाला, आपली शिवणाची बाई, सगळ्यांनी आपल्याला धरायचं. बॉस्टनमध्ये माणसं धरणारे दोघे उतरलेत, त्यांनी हॉटेलात खोली घेतलीय, असं दुकानात ओबेडकाकांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. मी मान खाली घालून शिवत राहिले आणि सुई बोटात गेली.

हल्ली मी रस्त्याने जात नाही, सफरचंदाच्या बागेमागून जाते. डाव्या बाहीला एक बटण वाढवलं आहे. आपण पळालो तेव्हा सवानाच्या वर्तमानपत्रात त्यांनी छापलं होतं ना, "डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग." सहा वर्षं ते मी विसरले होते. आता हात धुतानासुद्धा आधी दाराकडे बघते.

काम अर्धं राहिलं होतं हे खोटं नाही. सध्या एवढंच लिहिते.

तुझी बहीण

*

वेस्ट हॅरो
२४ नोव्हेंबर १८५०

टायटस,

टोपी घेतलीस असं रेव्हरंड म्हणाले. पत्राचं काय केलंस ते त्यांना ठाऊक नाही. चुलीत घातलं असशील तर हेही घाल, पण आधी वाच.

तुला काठ्यांच्या मोळ्या आठवतात? विल्टनच्या मळ्यावर कापूस वेचून होत आला की मुकादम सगळ्यांना गोदामापुढे ओळीत उभं करायचा. सॅसफ्रासची डहाळी पायाखाली धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत कापायची आणि ज्याने त्याने तिच्यावर आपली खूण कोरायची. मोळी बांधून उत्तरेला जायची आणि नाताळात जोडे यायचे, प्रत्येक जोड्यात ज्याची त्याची काठी. तू एकदा मुद्दाम लांब काठी कापलीस आणि वर्षभर बदकासारखा फताडत चाललास! आई म्हणायची, "उत्तरेला एक म्हातारी बसलीये पोरांनो, आपल्या काठ्या मोजत." आता ती म्हातारी मीच आहे. डीकन टॅलकॉटांच्या दुकानात काठ्या निवडायचं काम माझंच, कारण लांबी मला हातानेच कळते.

आपण निघणार होतो त्याच्या आदल्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाची मोळी आली. उशिरा आलेली मागणी, म्हणून डीकनसाहेब घाईत होते. दोर सोडल्याबरोबर सॅसफ्रासचा वास आला. मी मनाला म्हटलं, सॅसफ्रास काय एकाच मळ्यावर उगवतो? निवडत गेले. लांब इकडे, मधल्या तिकडे. मग एक लहान काठी हाताला लागली आणि तिच्यावर कोंबडीचा पाय होता.

तीन तिरप्या रेघा आणि मागे एक. आपल्या आईची खूण, टायटस. पाण्याच्या भोपळ्यावर, टोपलीवर, गोधडीच्या कोपऱ्यावर ती करायची तीच. त्या मळ्यावर ही खूण करणारं दुसरं कोणी नव्हतं आणि आईजवळ लहान मूल एकच होतं.

टेम्पी तिथेच आहे. माझी टेम्पी. मी सवानाला एका घरी कामाला होते तेव्हा मुकादम तिथे येऊन सांगून गेला होता की तिला मिसिसिपीच्या दलालाला दिली, ते खोटं होतं. मी तिच्यासाठी मळ्याकडे परत पळू नये म्हणून सांगितलेलं. पाच वर्षांच्या पोरीला मी मनातल्या मनात मिसिसिपीभर शोधत होते, आणि ती आईच्या खोपटात तिच्याच भोपळ्यातून पाणी पीत होती.

काठी मी हाताला लावून पाहिली. कोपराच्या घडीपासून भाजल्याच्या डागापर्यंत, फक्त बोटभर कमी. केवढी झालीये रे!

आता तूच सांग, त्या गाडीत मी कशी चढणार होते? फलाटावर हे बोलता येत नव्हतं.

आईच्या काठीचं विचारशील. मोळी मोठी होती, सगळ्या नीट पाहून झाल्या नाहीत.

तुझी बहीण

*

वेस्ट हॅरो
१२ जानेवारी १८५१

टायटस,

तुझं पत्र हेप्सीने पिठाच्या डब्यात लपवून आणलं, म्हणून ते फुंकून फुंकून वाचावं लागलं. तू बरा आहेस, लाकडं तोडतोस, कोणी "तुझा मालक कोण" असं विचारत नाही, हे वाचून मी रडले. मग पुढचं वाचलं आणि रडू पळालं.

"काठी म्हणजे मूल नव्हे." असं लिहिलंस. मला सांगतोस? आणि पुढे जोड्यांचं पुराण. आपण आपल्याच माणसांच्या पायात बेड्या शिवतो, आपल्या टाक्यांवर विल्टनचा कापूस उभा राहतो, तोच कापूस बोटीने लॉवेलच्या गिरणीत येतो. खरं आहे. मग जानेवारीच्या दवात अनवाणी शेत साफ करायचं का त्यांनी? तू केलंयस, मीही केलंय. आणि तुझ्या अंगातला सदरा कशाचा आहे? मी लिहिते तो कागदसुद्धा जुन्या सुती चिंध्यांचा असतो. या देशात आपल्याला हात पुसायला त्यांच्या कापसाखेरीज दुसरं काही नाही. परवा ओबेडकाका जोड्याचा तळ ठोकता ठोकता म्हणाले, "आपल्या देशाला म्हणे अजून मिसरूड फुटलेलं नाही. मग एवढ्यात एवढा श्रीमंत झाला कसा? चालत आली दौलत, आपलेच जोडे घालून." सगळे हसले. डीकनसाहेब हसले नाहीत.

तू दोन गोष्टी विचारल्यास. दोन्हींची उत्तरं मला नको होती, म्हणून मागच्या पत्रात मी ती टाळली.

आईची काठी मोळीत नव्हती. मी त्या सगळ्या दोनदा पाहिल्या होत्या. काम होत नाही अशा म्हाताऱ्यांना जोडे देत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. तेवढंच असेल. मी रोज स्वतःला सांगते, तेवढंच असेल.

आणि दुसरं. "तू काही वेडेपणा तर केला नाहीस ना?" असं विचारलंस. केला.

ते जोडे तुला माहीत आहेत. डावा-उजवा नाही, चामडं लाकडासारखं, तळाच्या खुंट्या आतून टोचणाऱ्या. मी टेम्पीच्या जोडीला आतून अस्तर लावलं. माझ्या लाल फ्लॅनेलच्या परकराचं. आणि जोड्याच्या जिभेच्या आतल्या बाजूला दोऱ्याने कोंबडीचा पाय घातला. आई शेजारणीचा भोपळा कधी रिकामा परत करायची नाही, चार दाणे का होईना, टाकायचीच. मला पोरीची काठी रिकाम्या जोड्यात परत पाठववेना.

शिवताना वाटलं, गुलामाच्या जोड्यात कोण डोकावणार? मी तिथे वाढले, तिथे कधी कोणी डोकावलं नव्हतं. आता वाटतं, डोकावण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

जोडे नाताळात मिळाले असतील. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. तू माझ्यावर ओरड, पण लिही.

तुझी बहीण

*

वेस्ट हॅरो
२३ फेब्रुवारी १८५१

टायटस,

झालं. ज्याची भीती होती तेच झालं.

गुरुवारी डीकनसाहेब एक पत्र घेऊन दुकानात आले. त्यांनी ते आम्हा सगळ्या शिवणाऱ्या बायकांसमोर मोठ्याने वाचलं, बहुतेक माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून. विल्टनने लिहिलं होतं. माल एकंदर ठीक आहे, पण एक पोरगी जोडे पायांतून काढेना. झोपतानाही घालून झोपायची. मुकादमाला संशय आला, त्याने ओढून काढले, तर आत लाल फ्लॅनेल आणि जिभेवर एक खूण. तीच खूण पोरीच्या काठीवर. "आपल्या दुकानात माझ्या मळ्याची ओळख असलेलं कोणी काम करतं काय? मे महिन्यात माझा पुतण्या पुढच्या हिवाळ्याचं माप घेऊन येईल. त्याला आपल्या सर्व कामकरणी पाहायच्या आहेत."

जोडे ओढून काढले आणि मग? मग पोरीचं काय केलं, ते त्यात नव्हतं. ते वाक्य पुन्हा वाचा, पुढे काय लिहिलंय ते वाचा, असं मला किंचाळावंसं वाटत होतं. मारलं का तिला? कशाने? किती? आणि तिच्या जागी उत्तर द्यायला आई तिथे होती का?

हेप्सी मोठ्याने म्हणाली, "अस्तर? आमच्याकडे? इथे दोरा मागितला तरी डीकनसाहेबांना ताप चढतो, फ्लॅनेल कोण देणार?" बायका खो खो हसल्या. त्या हसण्याआड मी श्वास घेतला.

नंतर डीकनसाहेबांनी मला चामड्याच्या कोठीत बोलावलं. दार उघडंच ठेवलं, माणूस सभ्य आहे.

"मर्सी, मी तुला काही विचारणार नाही."

"बरं, डीकनसाहेब."

"विचारलं तर मला खरं ऐकावं लागेल, आणि ऐकलं तर कायद्याने सांगावं लागेल."

"हो."

"मी गुलामगिरीच्या विरुद्ध आहे, हे तुला माहीत आहे. सभेत मी उघड बोलतो." त्यांनी एक चामडं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "पण विल्टन गेला तर त्याचे मेव्हणे जातील, शेजारी जातील. अर्ध्या गावाच्या चुली या जोड्यांवर पेटतात. शाळेचं छप्पर, आगगाडीचा फाटा, चर्चची घंटा. तुझी चूलसुद्धा, मर्सी."

"मग मी काय करू?"

"मे महिन्याच्या आत तुझ्या भावाकडे गेलीस तर बरं होईल. सगळ्यांनाच बरं होईल."

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं रे. तेच भयंकर होतं. कोणी दुष्ट असता तर मी मनात शिव्या तरी दिल्या असत्या.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे, निघून ये. येईन. पण मे महिन्यात तो पुतण्या नवी मोळी आणणार. तिच्यात टेम्पीची काठी असली तर ती जिवंत आहे आणि तिथेच आहे. नसली तर माझ्या परकराने तिला विकलं. हे कळल्याशिवाय मी तिकडे तुझ्या चुलीपाशी बसून काय करू? एकदा काठी पाहू दे. मग तू म्हणशील तिथे येते.

मला फार भीती वाटते, टायटस. दारावर पाऊस वाजला तरी दचकते.

तुझी बहीण

*

वेस्ट हॅरो
१४ मे १८५१

टायटस,

घाईत लिहिते. तो आलाय. खानावळीत उतरलाय, लँगडन विल्टन नाव, वय असेल पंचविशीचं. मला त्याने कधी पाहिलेलं नाही. मी सवानाला गेले तेव्हा तो कुठेतरी शाळेत शिकत होता. पण वर्तमानपत्रातलं वर्णन त्याच्याजवळ असणारच.

उद्या सकाळी सगळ्या बायकांनी दुकानात यायचं आहे. डीकनसाहेबांनी निरोप धाडला की मर्सीला बरं नसेल तर तिने घरी राहावं. हेप्सी म्हणाली, "अजिबात राहू नकोस. आपल्यात तुझ्या रंगाच्या चौघी आहेत. तिघी आल्या तर तो चौथीचंच घर विचारेल."

मलाही तेच वाटतं. एप्रिलमध्ये बॉस्टनहून एका पोराला तीनशे पोलिसांच्या गराड्यात बोटीवर चढवून सवानाला परत नेलं. ओबेडकाकांनी ती बातमी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच घडी घालून ठेवून दिली.

उद्या काही झालं तर हे पत्र तुला हेप्सी पाठवेल. तसं झालं तर टोपी घालत जा.

तुझी बहीण

*

वेस्ट हॅरो
१६ मे १८५१

टायटस,

मी आहे. आधी हे वाच आणि बस. मी अजून इथे आहे, माझ्या खोलीत, दार बंद करून.

काल सकाळी तो हसत हसत दुकानात आला. हसरा आहे, तेच वाईट. बायकांसाठी जॉर्जियाचे अक्रोडासारखे पीकान घेऊन आला होता. ओबेडकाका आपल्या पाटावर जोड्याचे तळ ठोकत बसले होते, त्यांनाही मूठभर दिले. काकांनी ते पाटाखाली ठेवून दिले.

त्याने मोळी टेबलावर ओतली. गेल्या खेपेपेक्षा जाड. डीकनसाहेबांचा चेहरा खुलला. जाड मोळी म्हणजे त्यांना जास्त जोडे. मला मात्र लिलावातून आणलेली नवी माणसं दिसली. टेक्ससकडे नवी जमीन घेतली आहे म्हणे, तिच्यासाठी.

"तुमच्या हातांची फार तारीफ ऐकलीये," तो म्हणाला. "निवडा बघू, मला पाहायचंय."

आम्ही निवडू लागलो. मला कळलं की तो तोंडं बघत नाहीये, हात बघतोय. कुठला हात थबकतो ते बघतोय. मी मनात एकच धरलं: लांब इकडे, मधल्या तिकडे, लाकूड आहे, लाकूड आहे, लाकूड आहे.

आणि ती आली. कोंबडीचा पाय, आणि त्याच्या खाचेत एक लाल धागा गुंडाळलेला. फ्लॅनेलचा. तो तिने माझ्यासाठी बांधला की मला पकडायला त्याने, हे मला अजून कळलेलं नाही. मी ती लहान काठ्यांत टाकली. हात थबकला नाही. कसा नाही ते देवाला ठाऊक.

त्याने हात लांब करून तीच उचलली. "अरे, ही चुकून आली," तो म्हणाला. "ही पोरगी आम्ही मार्चमध्येच विकून टाकली. हिला लाल फ्लॅनेलचं फार वेड होतं." मग ती काठी घेऊन तो एकेकीपुढे सावकाश फिरला, चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतात तसा. कोणी हललं नाही. माझ्यापुढे थांबला. मी स्टोव्हच्या सर्वांत जवळ होते म्हणून असेल, किंवा मी एकटीनेच वर पाहिलं नव्हतं म्हणून असेल.

"टाक बाई आत."

मेण तापवायला लाकडं घालायचा लोखंडी स्टोव्ह पेटलेला होता. मी काठी घेतली. चार पावलांचं अंतर. चालताना ती डाव्या हाताला टेकवून धरली, टाकायचं लाकूड माणूस धरतो तशी. टायटस, कोपराच्या घडीपासून बरोबर डागापर्यंत आली. गेल्या खेपेला बोटभर कमी होती. बोटभर वाढलीये माझी पोर.

स्टोव्हचं दार उघडलं तेव्हा लक्षात आलं की सगळं कशासाठी चाललंय. विस्तवात हात घालताना कुठलीही बाई आधी बाही वर सारते. त्याचे डोळे माझ्या मनगटावर खिळले होते. मी बाही सारली नाही. तशीच आत हात घातला. काठी ठेवली, आणि बटणाजवळचं कापड विस्तवावर धरलं.

"अगं वेंधळे!" हेप्सी धावली. तिने ओलं फडकं माझ्या मनगटावर आपटलं आणि गुंडाळूनच टाकलं. "काल एकीने दाभण पायात घुसवली, आज ही स्वतःला भाजते! डीकनसाहेब, या बायकांना घरी ठेवायची सोय करा, नाहीतर दवाखाना काढा." चांगलंच भाजलंय. नवा फोड जुन्या डागाच्या वर आलाय. आता त्याखाली काय होतं, ते कोणालाही सांगता येणार नाही.

पण हे मी तुला त्यासाठी लिहीत नाहीये. फडकं बांधून घेताना मी स्टोव्हपाशीच उभी होते आणि आतून आवाज आला. चुर्रर्र. काठीच्या टोकाला फेस आला होता. सॅसफ्रासचा ओला, गोड वास दुकानभर पसरला.

ओलं लाकूड, टायटस! मार्चमध्ये विकलेल्या पोरीची काठी कधीची असेल? शरदात कापलेली. वाळून खडखडीत झालेली. ही महिनाभरातली होती, झाडावरून आत्ता तोडलेली. तो खोटं बोलत होता. तो निघाला तेव्हा ती मळ्यावर होती, आपल्या पायावर उभी राहून टाचेपासून अंगठ्यापर्यंत काठी कापत होती, आणि पाय गेल्या वर्षीपेक्षा मोठा होता.

आवाज त्यालाही येईल म्हणून मी गारठले. तेवढ्यात ओबेडकाकांनी हातोडा उचलला आणि तळ असा बडवायला घेतला की खिडकीच्या काचा थरथरल्या. "काम आहे बाबा," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "सगळा दिवस गिऱ्हाइकाकडे बघत बसलो तर जोडे कोण करणार?"

जाताना लँगडन डीकनसाहेबांना म्हणाला की सोमवारी तो बॉस्टनहून परत येईल, बरोबर एक म्हातारा कारकून असेल. सवानाला मी ज्या घरी कामाला होते तिथला. तो मला अंधारातही ओळखेल. डीकनसाहेबांनी मागणी घेतली, हात मिळवला, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पण दिवसभराचं काम झाल्यावर माझ्या बाकावर मऊ चामड्याची एक गुंडाळी ठेवलेली होती, वासराचं, त्या जोड्यांना कधीच न वापरलेलं. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही.

उद्या सकाळी ओबेडकाका चामड्याची गाडी घेऊन निघतात, त्या चामड्याखाली मी. वास सहन करेन म्हटलं. ते म्हणाले, "वास माझाही सहन करावा लागेल." स्टेशन आपलं नाही, पुढचं. हेप्सीने सांगितलंय की यापुढे लहान काठ्या ती निवडेल, आणि लहान जोड्यांत जिथे जिथे खुंटी टोचते तिथे तिथे चिंधी लावेल, सगळ्याच जोड्यांना. म्हणजे एकच जोडी वेगळी दिसणार नाही. "कोणी विचारलं तर माझा हात जड आहे म्हणून सांगेन," म्हणाली. ती खरंच करेल का, किती वर्षं करेल, मला माहीत नाही.

ही खोली, बाहेरच्या सफरचंदांना आलेला फुलोरा, सगळं सोडायचं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. एकच वाटतं: ती काठी मी माझ्या हाताने जाळली. तिच्यावरचा धागा तिचा असेल तर तिने तो मला पाठवला होता, आणि मी तो विस्तवात घातला. तिला कधी कळेल का, मी तसं का केलं?

पण माप गेलेलं नाही. कोपराच्या घडीपासून या पट्टीपर्यंत ते माझ्या हातावर आहे, आणि तो हात घेऊन मी येते आहे. मी पोचले की आधी रागावू नकोस, आईचं विचारू नकोस, काहीच विचारू नकोस. आधी तिकडच्या कुठल्याही झाडाची एक डहाळी तोड आणि माझ्या हाताला लावून तेवढी काप. थोडी जास्तच ठेव. हिवाळ्यापर्यंत तिचा पाय वाढेल.

तुझी बहीण
डायसी